डबाकाका

आमच्या सोसायटीत कुणाकडे नवं फर्निचर आलं की त्याच आठवड्यात डबाकाका बघायला येतात. सोफा, पडदे, झुंबर यांकडे त्यांचं लक्ष नसतं. ते थेट टीव्हीखालच्या युनिटपुढे उकिडवे बसतात, शर्टाच्या खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढतात, एका कप्प्याची उंची मोजतात आणि चेहरा पाडून म्हणतात, "एकशे तीस."

यजमानांना वाटतं, काका किमतीचा अंदाज बांधतायत. ते घाईघाईनं म्हणतात, "छे हो काका, चाळीस हजार झाले!"

"एकशे तीस मिलिमीटर," काका समजावतात. "सीडीची डबी एकशे पंचवीस. म्हणजे आत जाईल, त्याबद्दल वाद नाही. पण वर राहिले पाच. पाच मिलिमीटरमध्ये तुमचं बोट जातं का? मग बाहेर कशी काढणार?"

ज्यांच्या घरात आता औषधालासुद्धा सीडी उरलेली नाही, अशा यजमानांनाही या प्रश्नापुढे थोडं अपराधी वाटतं. मग चहा येतो, काका तो पितात आणि जाताना युनिटकडे एक शेवटचा कळवळ्याचा कटाक्ष टाकतात.

काका चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. उमेदवार म्हणून लागले आणि मुख्य होऊन निवृत्त झाले. प्रेस टूल, जिग, फिक्श्चर यांत सगळी नोकरी गेली. 'अंदाजे' हा शब्द त्यांच्या घरात शिव्यांच्या रांगेत बसतो. काकू आमटीत मीठ अंदाजे घालतात, ते त्यांनी मोठ्या मनानं चालवून घेतलं आहे. निवृत्तीनंतर कुणी हास्यक्लबात जातं, कुणी नर्मदा परिक्रमेला निघतं, कुणी सोसायटीच्या कमिटीत शिरून पाण्याच्या टाकीवरून भांडतं. काकांनी सीड्या ठेवायचा डबा करायला घेतला. तो अजून चालू आहे.

मूळ दुखणं कॅसेटच्या काळातलं. काकांना शास्त्रीय संगीताचं वेड. त्यांनी तेव्हा कॅसेटसाठी सागवानी खणांचं एक कपाट करून घेतलं होतं. कॅसेटच्या डबीची जाडी सतरा मिलिमीटर, म्हणून प्रत्येक खाच साडेसतराची. कपाटाला शेवटचं पॉलिश झालं, आणि बाजारात सगळीकडे सीड्या दिसायला लागल्या. सीडीची डबी जाडीला दहा पूर्णांक चार. म्हणजे साडेसतराच्या खाचेत एक ठेवली तर खुळखुळते आणि दोन जात नाहीत. "अहो, तीन पूर्णांक तीन मिलिमीटरसाठी गेलं सगळं कपाट," हे काका आजही अशा सुरात सांगतात की नवख्या माणसाला वाटावं, थोडक्यात कुणाची तरी गाडी चुकली आणि पुढे बरंच काही घडलं.

सीडीची कुंडली त्यांना तोंडपाठ आहे. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून १९८० मध्ये तिचं प्रमाण ठरवलं. १९८२ च्या ऑक्टोबरात ती जपानच्या बाजारात आली. चकतीचा व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२, मधलं भोक १५. डबी १४२ बाय १२५. हे आकडे सांगताना काकांचा आवाज जरा खाली येतो. त्या पारदर्शक डबीबद्दल त्यांना नितांत आदर आहे. मधल्या दातांवर बोट दाबलं की चकती आपसूक सुटते, हे ज्याला सुचलं तो त्यांच्या मते टूलरूममधलाच असणार. मात्र त्याच डबीचे बिजागरीचे कान पहिल्यांदा हातातून पडताक्षणी मोडतात, हा विषय निघाला की आदर आवरता घेऊन काका म्हणतात, "तिथं त्याला घाई झाली."

अमेरिकेची गोष्ट तर त्यांची विशेष आवडती. तिथल्या दुकानांतल्या मांडण्या बारा इंची रेकॉर्डसाठी केलेल्या होत्या. सीडी त्यात हरवायची. दुकानदारांनी मांडण्या बदलल्या नाहीत. त्याऐवजी सीडीलाच सहा इंच रुंद आणि बारा इंच उंच पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून उभं केलं गेलं. ही चैन १९९३ पर्यंत चालली. घरी नेलं की पुठ्ठा कचऱ्यात. "कपाट वाचवायला वस्तूला कोट शिवला!" काका हसतात. पण डीव्हीडीचं नाव काढलं की हसू मावळतं. डीव्हीडीची चकती तीच, १२० मिलिमीटर, आणि डबी मात्र १९० उंच. का, तर जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या फळीवर ती शोभावी. काकांच्या तिसऱ्या कपाटाचा वरचा कप्पा याच कारणानं करवतीखाली गेला, त्यामुळे हा प्रश्न तत्त्वाचा राहिलेला नाही, वैयक्तिक आहे.

काकांचं तत्त्वज्ञान तीन शब्दांचं आहे : काढता आलं पाहिजे. "ठेवायला काय हो, पोत्यातसुद्धा ठेवता येतं," हे त्याचं भाष्य. कुठलाही नवा नमुना तयार झाला की त्याची चहाची चाचणी होते. एका हातात काठोकाठ भरलेला कप धरायचा आणि दुसऱ्या हातानं, शेजारच्या डब्या न हलवता, सांगितलेली सीडी काढायची. चहा बशीत आला तर नमुना नापास. ही चाचणी घरातली माणसं द्यायला तयार नसतात, म्हणून ती पाहुण्यांना द्यावी लागते. सत्यनारायणाला आलेल्या एका विहीणबाई प्रसादाआधी या परीक्षेला बसल्या आणि पहिल्या वर्गात पास झाल्या. काका अजून त्यांचं उदाहरण देतात. त्यांच्या मुलीचं, म्हणजे स्वतःच्या सुनेचं, मात्र नाव काढत नाहीत. तिनं कप आधी टेबलावर ठेवला होता.

आता या कामात अवघड ते काय, असं ज्याला वाटतं त्यानं रविवारी सकाळी दहाच्या सुमारास काकांकडे जावं आणि "खाचा हव्यात की नकोत?" एवढंच विचारावं. जेवायला मुक्काम नक्की. प्रत्येक सीडीला स्वतंत्र खाच दिली तर डब्या ताठ उभ्या राहतात, एक काढली तरी बाकीच्या कलंडत नाहीत. पण खाचांच्या मध्ये पट्ट्या येतात. खाच अकरा मिलिमीटर, पट्टी तीन. मीटरभर फळीवर ७१ सीड्या. पट्ट्या काढून टाका, त्याच फळीवर ९६ बसतात. म्हणजे पंचवीस सीड्यांची जागा नुसतं लाकूड खातं. बरं, खाचा ठेवल्या आणि सीड्या नावानुसार लावल्या, आणि मग एक नवी सीडी आली. ती अकराव्या जागेवर बसायला हवी. मग अकरापासून पुढच्या सगळ्या एकेक घर सरकवा! खाचा नसतील तर नुसतं बोटानं फट करून घुसवता येते. पण तेव्हा अर्ध्या भरलेल्या फळीवर सीड्या लोळण घेतात.

यावर काकांनी फळीच मागे पंधरा अंश झुकवली. सीड्या निमूट मागे रेलल्या, नावंही उभ्याउभ्या वाचता येऊ लागली. फक्त फळी झुकल्यामुळे कपाट पुढे आलं आणि बेडरूमचं दार पूर्ण उघडेना. काकूंनी कपाटाला हात लावला नाही. त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला आडवं होऊन आत शिरायला शिकवलं.

या सगळ्या संशोधनाचा दुसरा भागीदार म्हणजे मिस्त्री. मिस्त्री साताऱ्याकडचे, हात सोन्याचा, आणि त्यांचं जग सुताच्या मापात चालतं. इंचाचे आठ भाग केले की एक सूत. "साहेब, एखादं सूत इकडंतिकडं चालतंय की," हे त्यांचं पालुपद. ते ऐकलं की काका आधी डोळे मिटतात.

"मिस्त्री, एक सूत म्हणजे तीन पूर्णांक एक सात पाच मिलिमीटर. खाचा किती?"

"साठ."

"मग साठ खाचांत तुमचं एकेक सूत म्हणजे एकशे नव्वद मिलिमीटर. साडेसात इंच! कपाट गॅलरीत जाईल!"

"मग गॅलरीत ठिवू की," मिस्त्री रंधा न थांबवता म्हणतात.

शेवटी काकांनी स्टीलचे दोन तुकडे घासून गेज बनवलं. एक तुकडा खाचेत जायलाच हवा, दुसरा जाताच कामा नये. कारखान्यातली ही गो, नो-गोची रीत मिस्त्रींना आधी अपमानास्पद वाटली. पण आठवडाभरानं काका दुपारचे झोपलेले असताना मिस्त्री एकटेच एकेका खाचेत ते तुकडे घालून बघत होते, आणि एका खाचेपाशी थांबून स्वतःलाच शिवी घालत होते. ही बातमी काकूंनी फोडली. काकांनी त्या दिवशी मिस्त्रींना मजुरीशिवाय एक पानसुपारीही दिली.

काकांच्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाकांक्षी नमुना म्हणजे प्रहरांचा मनोरा. कल्पना अशी की रागदारीच्या सीड्या गायकाच्या नावानं लावणं हा वाण्याचा हिशेब झाला, खरी रचना वेळेची. म्हणून अष्टकोनी, उभा, फिरता मनोरा. आठ बाजू, आठ प्रहर. सकाळी उठल्यावर भैरव, तोडीची बाजू समोर. दुपारी सारंग. दिवेलागणीला मारवा, पूरिया. मग यमन. रात्री बागेश्री, दरबारी. मनोरा तळाशी बेअरिंगवर फिरायचा आणि काय फिरायचा! करंगळी लावली की पुरे. सगळी सोसायटी बघून गेली.

भरायला घेतल्यावर घोटाळा कळला. मैफली होतात संध्याकाळच्या आणि रात्रीच्या, त्यामुळे ध्वनिमुद्रणंही त्याच वेळच्या रागांची जास्त. रात्रीच्या बाजू गच्च भरून वाहू लागल्या आणि दुपार ओस पडली. शंभर भरलेल्या डब्या म्हणजे सुमारे दहा किलो वजन, आणि ते सगळं एका अंगाला. त्यात काकांच्या हॉलची फरशी बाथरूमकडे किंचित उतरती. परिणाम असा की मनोरा कुठल्याही प्रहरावर लावला तरी हात सोडताच तो मंद गतीनं फिरून दरबारीवर जाऊन थांबायचा. काका सकाळी सात वाजता दात घासून येत तेव्हा समोर मध्यरात्र. शिवाय एकाच सीडीत आधी ललत आणि शेवटी ठुमरी निघाली, तेव्हा ती कुठल्या प्रहरात घालायची यावर त्यांनी एका गाणाऱ्या बाईंना भर कार्यक्रमाच्या मध्यंतरात गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही ऐकता केव्हा?" या प्रश्नाचं उत्तर काकांकडे नव्हतं, कारण त्या वर्षात ऐकायला वेळच झाला नव्हता.

काकूंची या सगळ्याकडे पाहण्याची एक थंड, ठाम पद्धत आहे. बाजारात कोऱ्या सीड्यांचा तो गोल, मध्ये दांडी असलेला प्लास्टिकचा डबा येऊ लागला, ज्यात पन्नास चकत्या एकावर एक रचलेल्या असतात, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मी कधीपासून सांगत होते, पोळ्यांच्या डब्यात ठेवा." काका उसळले. खालची काढायची तर वरच्या एकोणपन्नास उचलायच्या, घासल्या की चरे पडणार! "खालचीच का लागते मेली तुम्हाला?" काकू म्हणाल्या. काकांचं शास्त्र इथं संपतं. दरम्यान रिकाम्या खाचा काकूंनी केव्हाच ताब्यात घेतल्या आहेत. भीमपलासच्या शेजारी लाइटबिल, त्यापुढे विम्याची पावती, मग गॅसचं पुस्तक. हे सगळं त्यांना हव्या त्या वेळी, एका हातानं, दुसऱ्या हातात झारा असताना काढता येतं. चहाची चाचणी खऱ्या अर्थानं रोज त्याच देतात, हे काकांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

सीडी हाताळण्याबाबत काका निष्ठुर आहेत. कडेला आणि मधल्या भोकाला सोडून चकतीला बोट लागलेलं त्यांना खपत नाही. लोक खालची चमकणारी बाजू जपतात आणि छापील बाजूवर खुशाल बॉलपेननं नाव लिहितात, हा तर त्यांच्या संतापाचा राखीव विषय. "अहो, खाली एक पूर्णांक दोन मिलिमीटर प्लास्टिकचं कवच आहे. गाणं वरच्या बाजूला आहे, लेबलाखाली, नुसत्या लाखेच्या थराआड! तुम्ही पंडितजींच्या पाठीवर टाक फिरवताय!" मोडक्या कानांच्या आणि दातपडक्या डब्या ते फेकत नाहीत. त्यांचं एक वेगळं खोकं आहे, त्यावर 'सुटे भाग' असं लिहिलेलं आहे, आणि दोन मोडक्या डब्यांतून एक धड डबी करणं हा त्यांचा पावसाळ्यातला उद्योग.

नागपूरचा भाचा एकदा दोन दिवस राहायला आला आणि त्यानं सांगितलं, "मामा, आता सगळं मोबाइलवर आहे. बोला, काय लावू?" काकांनी एका जुन्या मैफिलीतला पूरिया सांगितला. भाच्यानं बोटं चालवली. पूरिया धनाश्री निघाला, पूरिया कल्याण निघाला, पूरिया नावाची एक झोप येण्यासाठीची बासरी निघाली. काका शांतपणे उठले, हातात कप तसाच, आणि संध्याकाळच्या बाजूनं डबी काढून त्याच्यासमोर ठेवली. चहा हलला नव्हता. काकांनी एक शब्दही बोलून दाखवला नाही, पण पुढचे दोन दिवस त्यांनी भाच्याला दर जेवणाला वाढून घेण्याचा आग्रह केला.

आता काकांच्या या वेडाचा एक अनपेक्षित परिणाम झाला आहे. दिवाळीच्या आवराआवरीत घराघरांतून सीड्या निघतात. मुंज, बारसं, गॅदरिंग, कुणाच्या आजोबांची एकसष्टी, दोन भागांतलं नाटक ज्याचा दुसरा भाग कुणीतरी नेऊन परत दिला नाही. फेकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही. मग त्या पिशवीत घालून काकांकडे. काका नाही म्हणत नाहीत. ते पावती देतात. वहीत नोंद करतात, डबी बदलतात, कण्यावर सुवाच्य अक्षरात कुटुंब, प्रसंग आणि तारीख लिहितात. सोसायटीचं दप्तर कमिटीला सापडत नाही, पण चार नंबरच्या बिल्डिंगमधल्या कुठल्याही मुलाची मुंज काकांकडे बसल्या जागी मिळते. तेव्हा मला उमगलं की हा माणूस वस्तूचा विचार फारसा करतच नाही. तो पुढे कधीतरी, कुठल्याशा दुपारी, ती वस्तू घ्यायला येणाऱ्या हाताचा विचार करतो. तो हात कुणाचा आणि केव्हा येणार हे ठाऊक नसताना त्याच्या बोटाला जागा सोडून ठेवतो.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. संध्याकाळी पार्टीत लग्नाची सीडी लावायचं ठरलं. दोघंही काकांकडे आले. काकांनी घड्याळ लावून नऊ सेकंदांत डबी काढली. सीडी लावायचं यंत्र अर्थात काकांकडेच होतं. चकती आत गेली, घरघरली, आणि पडद्यावर चौकोन चौकोन येऊन थांबली. घरी भरलेल्या सीडीत माहिती रंगाच्या थरावर असते. उजेड आणि उष्णता लागली की तो रंग विटतो. ही सीडी काकांकडे येण्याआधी बरीच वर्षं खिडकीत होती. त्या जोडप्यातल्या ताई काही बोलल्या नाहीत. काकाही बोलले नाहीत. ते परत कपाटाकडे गेले, वेगळ्याच फळीपुढे उभे राहिले आणि दुसरी डबी घेऊन आले. कण्यावर लिहिलं होतं, 'वधूपक्षाची प्रत'.

ताईंचं माहेरचं घर विकलं तेव्हा तिथल्या सामानाबरोबर ही प्रत आली होती आणि इतर कचऱ्याबरोबर काकांकडे पोचती झाली होती. एकच लग्न दोनदा कशाला ठेवता, असं काकूंनी तेव्हाच विचारलं होतं. ही सीडी ट्रंकेत, अंधारात राहिलेली. लावताच सनई सुरू झाली. मंगलाष्टकांत घसा बसलेले गुरुजी, अक्षता नेमक्या भटजींच्या डोक्यावर मारणारी मुलं, आणि पंगतीत ताईंचे वडील, जे आता नाहीत, कॅमेऱ्याकडे पाहून "अरे, आधी पोरांना वाढा" म्हणताना. ताईंनी तेवढा तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. काकूंनी हळूच सगळ्यांसाठी चहा टाकला.

लोक पांगल्यावर काका बराच वेळ वही उघडून बसले. मग त्यांनी हिशेब जाहीर केला. प्रत्येक सीडीची एक प्रत हवी. प्रत वेगळ्या जागी हवी. कपाटाला दारं हवीत, उजेड आत येता कामा नये. हे सांगताना त्यांचा चेहरा नुकतंच प्रमोशन मिळाल्यासारखा उजळला होता. काकूंनी लाइटबिल खाचेतून काढून पर्समध्ये घातलं आणि विचारलं, "दुसरं कपाट ठेवणार कुठे?"

काका तोवर फोनवर होते. "मिस्त्री, या उद्या. दुप्पट काम आहे." पलीकडून काहीतरी सुचवलं गेलं असावं, कारण काकांनी डोळे मिटले. "नाही," ते म्हणाले, "अर्धं सूतसुद्धा नाही."